मास्तरांचे तीन प्रश्न

दिगंबर मास्तर गेल्याची बातमी त्यांच्या घरी मीच नेली. वाशीमच्या दवाखान्यातून अनसिंगला पोचेपर्यंत माझ्या तोंडात त्यांना चावलेला साप सात फुटांचा झाला होता आणि मास्तर त्याच्याशी तासभर झुंजले होते. साप होता दोन हातांचा...

मास्तर जीवशास्त्र शिकवायचे. साप निघाला की लोक काठीआधी त्यांना फोन लावायचे. मण्यार आणि कवड्या, दोन्ही काळपट, दोन्हींच्या अंगावर पांढरे पट्टे. एकीच्या दातांत मरण, दुसरा बिचारा पाली खातो. मास्तर फोनवरच विचारायचे: पट्टे आहेत? मानेपासून, की बरेच मागून? पाठीवरची मधली खवलं मोठी, षट्कोनी आहेत? मागून आणि षट्कोनी, तर मण्यार. एवढ्यावर अर्धा जिल्हा साप ओळखायला शिकला. मला म्हणायचे, "तुयं बोलणं मी चारानं भागून आयकतो." पण या तीन प्रश्नांच्या उत्तरात मी कधी थाप मारली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी माझ्या घरात सोयाबीनच्या पोत्यांमागं साप शिरला. मी खाटेवर उभा, दारात सगळे शेजारी.

"जवळून पाह्यलं का? पट्टे कुठून हायेत?" फोनवर मास्तर.

"पाह्यलं ना! मानेपासून. कवड्याच हाये, काठी बी आणू नका."

खाटेवरून उतरलोच नाही, हे शेजाऱ्यांदेखत कसं सांगणार?

मास्तर आले. फटीतून एक वेटोळं तेवढं दिसत होतं. त्यांनी भागाकार न करता हात घातला. साप बाहेर काढला, पाठ न्याहाळली, मग स्वतःच्या बोटावरचे दातांचे दोन ठिपके. वर्गात सांगावं तसं म्हणाले, "षट्कोनी हायेत. मण्यार." आणि माझ्याकडे वळून, "तू पाह्यलंच नव्हतं ना?"

"पाह्यलं होतं," मी म्हणालो.

वाशीमच्या रस्त्यावर त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या. इंजेक्शनं झाली, श्वासाचं यंत्र लागलं... दुसऱ्या दुपारी संपलं.

तेराव्याला मास्तरांच्या पत्नीनं, वहिनींनी, विचारलं, "भाऊजी, लोक म्हणून राह्यले, मास्तरले सापच ओळखता नाही आला. खरं का?" मी सात फुटांची झुंज पुन्हा सुरू केली. त्या उठून आत गेल्या.

परवा त्यांनी मास्तरांची वही माझ्यापुढं ठेवली. पकडून सोडलेल्या प्रत्येक सापाची त्यात नोंद: गाव, सांगणारा, साप, ओळखणारा. शेवटची ओळ कोरी होती. "तुमीच होते तिथं. लिहा."

अनसिंग. मण्यार. ओळखणारा, दिगंबर मास्तर. सांगणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, 'न पाहता'.

वहिनींनी बोट ठेवून ती ओळ वाचली. वही मिटली. चहाचं काही त्या बोलल्या नाहीत, आणि मीही उठलो.