खिडकीशी थांबलेली भेग

२०१८च्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली, तेव्हा मी वडिलांच्या डहाणूतल्या रेल्वे क्वार्टरमध्ये बसून पीएचडीचं काम करत होते. विषय होता भेगा.

तुळईत भेग कशी धावेल हे कॉम्प्युटरवर पूर्ण काढायचं तर मोठ्या यंत्रालाही दिवसच्या दिवस लागतात. तो हिशेब आटोपशीर करणं हे माझं काम. आधी थोड्या भेगा पूर्ण काढायच्या, त्यांत पुन्हा पुन्हा दिसणारे मोजके आकार वेचायचे, आणि पुढची भेग तेवढ्यांच्याच मिश्रणातून काढायची. मग साध्या लॅपटॉपवरही उत्तर चटकन येतं. फक्त भेगेच्या टोकापाशी काटकसर चालत नाही; तिथे पूर्ण हिशेबच करावा लागतो.

माझी आत्या तलासरीजवळच्या पाड्यावर एकटी राहायची. मोठा धक्का बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील आणि मी तिच्याकडे गेलो. खोलीच्या भिंतीत जमिनीपासून वर तिरकी भेग गेली होती. अख्खा पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपत होता. आत्या मात्र आतच.

"याच खोलीत यांनी प्राण सोडला," ती म्हणाली. "त्यांना एकटं टाकून बाहेर कशी झोपू? तू भेगांचंच शिकतेस ना, बाय? सांग, पडेल का ही?"

मी टेपने भेग मोजली, फोटो काढले आणि तिच्याच खाटेवर लॅपटॉप उघडला. पडद्यावरची भेग खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत चढली आणि थांबली.

"थांबेल म्हणतोय. पण आत्या, याला मी काँक्रीटच्या तुळयाच दाखवल्यात. मातीत रचलेली विटांची भिंत याने बघितलेलीच नाही. जे बघितलं नाही ते याला सुचत नाही. तू बाहेरच झोप."

"मग विचारलंस कशाला त्याला?"

मी लॅपटॉप मिटला. वडिलांनी तिचं अंथरूण उचलून बाहेर नेलं. ती आली, पण तिन्हीसांजेला आत जाऊन दिवा लावायची आणि दारात उभी राहून दिवसभरातलं सगळं आत सांगायची. हळू आवाजात, मध्ये मध्ये थांबत, जणू पलीकडून हुंकार येत होता.

पुढे एकदा मी पुन्हा तिच्याकडे गेले असताना दुपारी आम्ही अंगणात चिंचणीचे सुके बोंबील निवडत होतो. जमिनीखालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज आला आणि कौलं घसरली. धूळ बसल्यावर मी दारातून डोकावले. माझी भेग खिडकीच्या कोपऱ्याशीच थांबलेली होती. समोरच्या भिंतीकडे मी तोवर पाहिलंही नव्हतं. तिचा वरचा भाग खाटेवर कोसळला होता.

आत्या शांत होती.

"यांनीच मला बाहेर काढलं," ती म्हणाली. मग विटांच्या ढिगाकडे बघत राहिली. "आता ते बसतील कुठे?"

वडील तिला डहाणूला घेऊन आले. तिने ते घर पुन्हा बांधू दिलं नाही, पाडूही दिलं नाही.

२०१९मध्ये धक्के विरळ झाले तशी मी हॉस्टेलवर परतले. माझं मॉडेल पूर्ण झालं. पूर्ण काढलेल्या भेगांशी त्याची उत्तरं जुळली, गाइड खूश झाले. मी मात्र खाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतली होती. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, "उकडतं का गं भिंतीकडे?"

"हो," मी म्हटलं.