येरमाळ्याच्या पुढं, डाव्या हाताला

तुळजापूरच्या स्टँडवर सोलापूरकडचे भाविक गाड्यांतून उतरत होते आणि आम्ही मायलेकी त्यांच्या गर्दीतून वाट काढत वाशीकडं निघालो होतो. आईच्या पिशवीत दूधभाताची डबी आणि हळदीकुंकवाची पुडी होती, माझ्या हातात घडी घातलेला कागद. कागदावर आईनं स्केचपेननं काढलेला नकाशा.

तो निघाला कसा ते सांगते. ऊसतोड बायकांच्या शिबिरात मी सगळ्यांना कागद वाटले आणि म्हटलं, गावापासून कारखान्यापर्यंतचा आपापला रस्ता काढा. मला त्याचं पत्रक करायचं होतं. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' (तोडणीची जोडी) असतो. बाई वेगळी धरलीच जात नाही. म्हणून बघा, ही बाई इथून चालली, इथं बाळंत झाली, इथं तापानं पडली, असं लोकांच्या नाकासमोर धरायचं होतं. आई भाकऱ्या थापायला आली होती. तिनंही कागद मागितला. डोंगर, देऊळ, रस्ता, एक चिंच. चिंचेजवळ डाव्या हाताला तिनं एक टिंब दिलं आणि पेनाचं टोपण लावत बसली.

"हे काय?"

"तुझी भन."

मला बहीण होती हे मला तेव्हा, त्या मंडपात कळलं.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. चैत्रात टोळी कारखान्यावरून बैलगाड्यांनी वाशीकडं परतत होती. येरमाळा मागं टाकल्यावर तापलेलं बाळ गाडीतच गेलं. बारसंही झालेलं नव्हतं. येडेश्वरीच्या यात्रेची गर्दी रस्त्याला लागायच्या आत पुढं सरकायचं म्हणून मुकादमानं गाड्या थांबू दिल्या नाहीत. वडील आणि शेजारच्या गाडीचे नाना बाळाला घेऊन उतरले. गाड्या चालतच राहिल्या. काम उरकून दोघांनी मागून चालत येऊन गाड्या गाठल्या. आमच्यात पुरलेली जागा आईला दाखवत नाहीत. तिनं पाहिली तर पुढचं मूल टिकत नाही म्हणतात. पुढचं मूल म्हणजे मी.

"मग आत्ता कसं सांगितलंस?"

"आता घोड्यायेवढी झालीस तू. आता काय हुतंय तुला?"

वडील आता नाहीत. नानांना विचारू म्हटलं तर आई म्हणाली, पुरुष माणसाला असलं कसं विचारायचं. तिला एकदाच त्या जागेवर जाऊन निवद ठेवायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं.

धाराशिवला बसमध्ये शेंगदाणेवाला चढला. आईनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. येरमाळ्याला उतरून चहा घेतला. येडेश्वरीच्या डोंगराला आईनं खालूनच हात जोडले. मग एका टमटमवाल्याला पुढं थोडं सोडायला सांगितलं.

रस्ता आता चौपदरी आहे. मध्ये कण्हेर लावलीय, कडेला पांढरा मुरूम. आम्ही वाशीकडं तोंड करून डाव्या कडेनं चालत राहिलो. हरभऱ्याची रानं, एक ढाबा, टायरचं दुकान. चिंच कुठंच नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, तो मी सुतळीनं बांधला. हातात कागद बघून बांधावरचा एक म्हातारा तरातरा आला.

"मोजणीवाल्या का? आजून किती घेताय रस्त्याला?"

मी कारण सांगितलं. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं.

"ह्या अंगाला चिंच न्हवतीच कधी, ताई. आज्यापस्नं आमचंच रान हाय हे."

आई मागं वळून डोंगराकडं बघत होती. "डोंगर बराबर बसंना गं," म्हणाली.

"तुला नीट आठवत नसेल," मी म्हटलं. उन्हानं आणि चपलेनं मी वैतागले होते. डबी पिशवीत तशीच राहिली.

संध्याकाळी वाशीत नानांच्या घरी पोचलो. काकूंनी शेपूची भाजी आणि गरम भाकरी वाढली. जेवणं झाल्यावर मीच कागद पुढं केला. आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. नानांनी कागद बराच वेळ पाहिला.

"वैनी, त्या दिवशी गाडीत कशा बसला हुता तुमी?"

"मागनं पाय सोडून."

"म्हंजी तोंड येरमाळ्याकडं. बैलं चालली वाशीकडं. तुमची डावी ती आमची उजवी झाली की."

मग नाना हळूच म्हणाले, "तुमी बघत हुता व्हय? आमाला वाटलं, पदर हाय तोंडावर."

"पदर हुता. इरलेला हुता."

त्या नकाशावर लाल पेनानं वाशीकडं बाण मी काढला होता. आईला न विचारता. गाडी जिकडं जाते तिकडंच बाई बघत असणार, हे मी धरूनच चालले होते. बायकांना कुणी धरत नाही म्हणून गावोगाव ओरडत फिरणारी मी.

"चिंच रस्त्यात गेली," नाना म्हणाले. "जागाबी गेली आसंल नव्या लेनखाली. कशाला जाताय आता?"

सकाळी काकूंकडं दूध मागून आईनं डबी धुऊन पुन्हा भरली.

परतीच्या एसटीत तिला डावीकडची खिडकी दिली. आता तोंड येरमाळ्याकडं होतं, बैलगाडीतून तिनं बघितलं होतं तसंच. वळण संपलं आणि समोर डोंगर आला. आधी नुसता, मग देवळासकट. आईनं खिडकीच्या गजाला हात लावला.

"हितंच."

मी उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टर तिकिटांतून वर न बघता म्हणाला, "ताई, हितं थांबा न्हाय."

भांडायची मला सवय आहे. कलमं तोंडपाठ आहेत. त्या वेळी तोंडातून एवढंच आलं, "माझी बहीण आहे इथं."

त्यानं बाहेर पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं. मग त्यानं आईच्या मांडीवरची डबी पाहिली आणि स्वतः दोरी ओढली.

आम्ही उतरलो. आमची एसटी ज्या लेनवरून चालली होती, तीच नवी लेन. पायाखाली डांबर, कडेला हातभर मुरूम. नेमकी जागा चाकांखाली होती की कडेला, कोण सांगणार? आई मुरमात बसली. हळदीकुंकू वाहिलं, दूधभात ओतला, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून तशीच राहिली. एक ट्रक हॉर्न देत गेला. गाडीतून कुणी विचारलं, काय झालं? कंडक्टर म्हणाला, "लेकराचा निवद हाय." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

आईनं मान वळवून उभ्या गाडीकडं पाहिलं.

"थांबली की गं गाडी," ती म्हणाली. मग तिला रडू आलं. मी तिला रडताना पूर्वी पाहिलंय, पण असं नाही. मी तिला उठवलं नाही आणि गाडीतूनही कुणी घाई केली नाही.

तुळजापूरला खोलीवर आल्यावर मी लाल बाण खोडला. त्या रस्त्यावर चिंच नाही, खूण नाही, पाटी नाही. तिथं कोण आहे हे सांगणारा जगात हा एकच कागद आहे, आणि तो मी उलटा धरला होता. पत्रकात हाच नकाशा आधी छापायचा ठरवलाय. टिंबापाशी काय लिहू, आईला विचारलं.

"नाव कुठं ठिवलं हुतं? थोरली लिही."

लिहिलं. परवा भूमला सभा आहे. 'मी आईबापांची एकुलती एक' असं म्हणून मी बोलायला सुरुवात करते. ते वाक्य आता काढावं लागेल.