साठ तासांची शिक्षा

आई स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभी होती. हात जोडलेले. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच, केसांत सुताचा भुरा. आत सहा-सात सर आणि बाई चहा पीत बसले होते. तो चहा मीच कपांत ओतून दिला होता. किटली अजून माझ्या हातात होती.

"बाई," आई म्हणाली, "पोरगी लेकरू शे. काय चुकनं व्हई ते माफ करा. तिनी शिक्षा कमी करा. नहीं ते मी येसू, तिना वाटानं काम मी करसू."

आमच्या वर्गाच्या बाईंनी कप खाली ठेवला. "कसली शिक्षा?"

आईनं पोलक्यातून घडी घातलेलं एक कार्ड काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. ते माझं शाळेचं कार्ड होतं. वर छापलेलं होतं: कार्य शिक्षा, साठ घंटे. खाली बाईंच्या हातचा लाल शेरा: सुधार की आवश्यकता.

बाईंनी ते वाचलं. मग त्या हसायला लागल्या. "अहो, शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदीत आहे ते. वर्क एज्युकेशन. तुमच्या मुलीला कोणी शिक्षा दिली नाहीये." मग बाकीच्यांना त्यांनी हिंदीतून सगळं समजावलं. खोलीभर हशा झाला. एक सर गुजरातीत म्हणाले, "माफी मागवा आवी, बोलो!" आणि त्यांना चहाचा ठसका लागला.

मी पण हसले. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर सांगायला धीर होणार नाही. आई माझ्याकडे बघत होती आणि मी त्या लोकांबरोबर दात काढत होते. मला वाटलं, आपण हसलो तर आपण त्यांच्यातले दिसू. आईनं कार्ड उचललं, चपला घातल्या आणि गेली. अर्धा दिवस खाडा करून आली होती ती.

आमच्याकडे दादरा नगर हवेलीत, सिल्वासाला, सरकारी कागद हिंदीत येतो, दुकानावरची पाटी गुजरातीत असते, आणि आम्ही अथाल गावातल्या आमच्या खोलीत आमचं खान्देशातलं बोलतो. आई मराठी चौथी शिकलेली आहे. अक्षर दिसलं की ती वाचते, पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही. त्या कार्डावरचं प्रत्येक अक्षर तिनं बरोबर वाचलं होतं. चूक फक्त एवढीच, की तिनं ते आपल्या भाषेत वाचलं.

कार्ड कशाचं ते सांगते. बारावी सुटायची तर नुसते विषय पास होऊन भागत नव्हतं. साठ तास कुठंतरी काम शिकायचं, तिथल्या माणसाची सही आणायची, मग शाळा श्रेयांक देणार. श्रेयांक नाही तर शेवटच्या प्रमाणपत्रावर 'अपूर्ण' असा शिक्का. आणि अपूर्ण असेल तर पॉलिटेक्निकला अर्जच घेत नाहीत. मला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता, बारावीवरून थेट दुसऱ्या वर्षाला. आईच्या कंपनीत सुताचे कोन भरायचं, म्हणजे निमुळत्या रिळांवर सूत गुंडाळायचं काम चालतं. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मशीन बंद पडलं होतं. पंधरा बायका हात बांधून उभ्या होत्या आणि एका वायरमननं पेटी उघडून दहा मिनिटांत ते चालू केलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

दिवाळीनंतर कार्डं मिळाली, त्याच आठवड्यात मुलं पत्रं घेऊन आली. पप्पांच्या कंपनीचं लेटरहेड, काकांच्या क्लिनिकचा शिक्का. माझ्या बाकावर हेतल बसायची. स्वभावानं वाईट नव्हती. म्हणाली, "मेरा तो पप्पाने एक शाम में करवा दिया, पूरे साठ घंटे." आणि खरंच तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. माझ्याकडे लेटरहेडवाला कोणी नव्हता. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मी बाईंकडे गेले.

या बाई मुंबईकडच्या. त्या आल्या तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो. वर्गात मराठी बोलणारी मी एकटी. दिवसचे दिवस मी शाळेत माझ्या भाषेतला एक शब्द न बोलता घरी जायचे, आणि घरी आई दुसऱ्या पाळीला गेलेली असायची. त्यामुळे बाईंनी हजेरी घेताना "अगं, तू मराठी का?" विचारलं, तेव्हा मला रडू आलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला वर्गासमोर उभं करून 'पानी' नाही 'पाणी' असं तीनदा म्हणायला लावलं. हातात पाण्याचा पेला देऊन. तरी मी म्हटलं, आपल्याच आहेत, आपल्या भल्यासाठी करतात. आपलेच दात, आपलेच ओठ.

मी त्यांना सांगितलं, "बाई, किलवणी रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मिस्त्री शिकवायला तयार आहे. फक्त शाळेचं पत्र मागतोय."

बाईंनी कार्ड पुढं ओढलं. "पूर्ण नाव सांग." मी सांगितलं. आडनावाशी त्यांचं पेन थांबलं. अगदी थोडंसं. तो थांबा मला लहानपणापासून ओळखीचा आहे, आडनाव ऐकलं की लोक तिथं श्वास घेतात.

"मोटर वगैरे कशाला?" त्या म्हणाल्या. "शाळेतच कर. स्टाफरूम, प्रयोगशाळा. तुम्हाला काम शिकवावं लागत नाही, ते एक बरं असतं."

कार्डावर त्यांनी लिहिलं: विद्यालय सेवा.

मग रोज मधल्या सुट्टीत अर्धा तास आणि शनिवारी दोन तास माझी सेवा सुरू झाली. कप विसळायचे. चहा आणायचा. प्रयोगशाळेचं बेसिन घासायचं. सफाईवाल्या मावशी तीन दिवस रजेवर गेल्या, तेव्हा मुलींचे संडास. मी नाक दाबून, मूग गिळून केलं. माझा डबा मी प्रयोगशाळेत त्या बेसिनजवळ उभ्यानंच खायचे, कारण बाहेर येईपर्यंत सुट्टी संपलेली असायची. हेतलनं सुरुवातीला दोन-चार दिवस वाट बघितली, मग दुसऱ्या बाकावर जायला लागली. एकदा कपाला डाग राहिला म्हणून बाईंनी तो लाल शेरा मारला. आईनं तो वाचला आणि विचारलं, काय केलंस तू? मी म्हटलं, काही नाही. खरं सांगायची लाज वाटत होती. मी खरं सांगितलं असतं तर ती त्या दारात उभी राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात तो किस्सा सांगितला. भाषेची गंमत म्हणून. नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरज काय? मधल्या सुट्टीत एकानं हाक मारली, "ए शिक्षा, चाय ला." पुढं वर्ष संपेपर्यंत माझं तेच नाव होतं. जी मुलं कधी माझ्याशी बोलली नव्हती, तीसुद्धा तेवढ्यापुरती बोलायला लागली.

घरी आई चार दिवस त्या विषयावर बोलली नाही. मी हसले त्याबद्दलही नाही. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "ते शिक्षण व्हतं, म्हणतस ना त्या बाई. मंग काय शिकनी तू?"

टोमणा नव्हता तो. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. तिनं आयुष्यभर हातानं काम केलंय, तिला माहीत आहे की साठ तासांत माणूस बरंच काही शिकतो. साठ तासांत नवी बाई कोन भरायला शिकते, गाठ मारायला शिकते. मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. कप विसळायला मी सहाव्या वर्षी शिकले होते. त्या रात्री मला कळलं की आईनं कार्ड चुकीचं वाचलं नव्हतं. आख्ख्या शाळेत ते बरोबर वाचणारी ती एकटीच होती.

फेब्रुवारीत साठ तास भरले. कार्डाच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती: मैंने क्या सीखा. त्याखाली आठ ओळी. बाईंनी सगळ्यांना फळ्यावर मजकूर लिहून दिला. श्रम की प्रतिष्ठा, स्वच्छता का महत्व, अनुशासन. मुलांनी उतरवून घेतला. हेतलनंसुद्धा, जी एक तासही कुठं गेली नव्हती.

मी मराठीत लिहिलं. "मी स्टाफरूमचे कप धुतले. बेसिन घासलं. तीन दिवस मुलींचे संडास धुतले. हे सगळं मला आधीपासून येत होतं. मला नवीन काही शिकवलं नाही." आणि खाली सही केली, आडनावासकट.

बाईंनी वाचलं, मला रिकाम्या स्टाफरूममध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. "हे काय लिहिलंस? कष्टाला कमी लेखतेस? तुझी आई काय करते, विसरलीस?"

"नाही विसरले," मी म्हटलं. "कष्टाची एवढी प्रतिष्ठा आहे, तर हेतलच्या कार्डावर संडास का नाहीत?"

  बाईंनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाल्या, "फार शहाणी झालीस. पान बदल, नाहीतर माझी सही मिळणार नाही. वर्ष जाईल तुझं. मी आपली म्हणून सांगतेय."

आपली. हा शब्द त्यांच्या तोंडून मी किती आशेनं ऐकायचे. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची चीड आली.

घरी मी सगळं सांगितलं, कपांपासून संडासापर्यंत. आई ऐकत राहिली. मला वाटलं, ती माझ्या पाठीशी उभी राहील. ती म्हणाली, "लिखी टाक माय. दोन अक्षरं ते शेतस. वरीस वाया नको घालू."

"तूच विचारलं होतं ना, काय शिकनी?"

"मी अडानी बाई," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पडून राहिली. त्या स्टाफरूममधून ती जे घेऊन आली होती ते हेच. तिथं जाण्याआधी ती स्वतःला अडाणी म्हणत नव्हती. मला तिच्याजवळ जाऊन निजावंसं वाटत होतं, पण गेले नाही. मी हसले होते ते आमच्या दोघींच्या मध्ये पडलेलं होतं.

प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. माणूस शांत होता, मिठास बोलणारा. नवीन पान पुढं केलं. "बेटा, दो लाइन लिख दे ने. तेरा भी काम हो जाए, मेरा भी."

मी म्हटलं, "सर, ते साठ तास मी काम केलं. शिकायचे साठ तास अजून बाकी आहेत. ते मला द्या, मग लिहिते." मराठीतच म्हटलं. त्यांना मराठी समजतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी पान ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि घंटी वाजवून शिपायाला आत बोलावलं.

सगळे विषय पास झाले मी. प्रमाणपत्रावर शिक्का बसला: अपूर्ण. प्रमाणपत्रं दिली त्या दिवशी मुलींनी साड्या नेसल्या होत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. मी खिडकीतून कागद घेतला आणि फाटकाबाहेर आले. कोणी 'ए शिक्षा' म्हणूनसुद्धा हाक मारली नाही. पॉलिटेक्निकच्या खिडकीवर क्लार्कनं कागद उलटासुलटा बघून परत सरकवला.

आता मी आईच्याच कंपनीत कोन भरते. आम्ही दोघी एकाच रिक्षातून जातो, एकाच लाइनीला उभ्या असतो, आणि दिवसभरात मोजकं बोलतो. वडील म्हणतात पोरीनं हट्टापायी पायावर धोंडा मारून घेतला. खोलीशेजारच्या बायकाही तेच म्हणतात. दुसऱ्या शाळेतून उरकून घे, पैसे देऊन सही मिळते, असाही सल्ला मिळाला. मिळते, मला माहीत आहे. मला सही नकोय. मला जळालेली मोटर पुन्हा बांधायला शिकायचंय आणि ते शाळेच्या कार्डावर लिहिलेलं पाहिजे.

सोमवारी माझी सुट्टी असते. दर सोमवारी मी आंघोळ करून, वेणी घालून शाळेत जाते. अर्ज एकाच मजकुराचा: मला विद्यालय सेवेत साठ तास राबवलं, काही शिकवलं नाही, तरी किलवणी रोडच्या दुकानासाठी पत्र द्यावं. पहिल्या वेळी क्लार्क अर्ज घेईना. मी दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले, तेव्हा घेतला. आता तो न बोलता घेतो आणि माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून देतो. अशा अकरा प्रती झाल्यात. अकराव्या वेळी खाली मी एक ओळ वाढवली: पुढच्या वेळेपासून याची एक प्रत शिक्षण खात्याकडे जाईल.

त्या दिवशी बाई ऑफिसच्या दारात भेटल्या. ती ओळ त्यांनी वाचली असावी, कारण आवाज बदललेला होता. "अगं, असे किती सोमवार येणार आहेस तू?"

"तुम्ही शिकवेपर्यंत," मी म्हटलं.

आज बारावा सोमवार आहे. दोन्ही अर्ज, शाळेचा आणि शिक्षण खात्याचा, लिहून झालेत. मी निघते आहे.