कुणाच्या मनाची जमीन कशी?

आमची गुरुवारची प्रार्थना सभा परळच्या चाळीत, दर आठवड्याला वेगळ्या खोलीत भरते. चहा संपतो, बिस्किटं संपतात, किस्से मात्र साठतच जातात. त्यात रूथमावशी आणि मार्था या दोन जावा समोरासमोरच्या खोल्यांत राहतात म्हटल्यावर काय विचारता!

गेल्या नाताळात धाकटी मार्था थोरल्या रूथमावशीबद्दल चारचौघांत बोलून गेली, "ताईंनी भरलेली करंजी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते!" झालं! तेव्हापासून अबोला. दोघींनी मिळून केलेल्या करंज्या खाल्ल्याशिवाय आमच्या चाळीत नाताळ साजरा होत नाही हो! यंदा काय होणार, याचा आम्हा सगळ्यांना घोर.

*

एका गुरुवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला घेतला. बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यांत पडलं आणि थोडं चांगल्या जमिनीत पडलं.

"आता प्रत्येकाने आपलं मन तपासा. देवाचं वचन रुजायला तुमची जमीन कशी आहे?"

सगळ्यांच्या माना रूथमावशीकडे!

"माझ्याकडे काय बघताय? खडक समोरच्या खोलीत राहतो!"

*

स्टीफनकाका मात्र प्रामाणिक. "साहेब, माझी जमीन काटेरी. वचन रुजतं, पण टीव्हीवर मॅच लागली की गुदमरतं."

"मग काटे उपटा की!"

"उपटतो ना. फायनल तेवढी होऊ द्या!"

*

शेजारच्या सावंतकाकू मालवणकडच्या. आमची गाणी आवडतात म्हणून येऊन बसतात. खडकाचं ऐकून त्यांना राहवेना.

"साहेबानू, आमच्या गावाक सगळो कातळच. म्हणान काय कोण गप बसता? टोपलेतून माती आणून घालतंव आणि झाड लावतंव!"

पाळकसाहेबांनी बायबल मिटलं. "काकू, पुढचा उपदेश तुमचा!"

*

आमच्यात डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची पद्धत. जावा एकमेकींशी बोलत नसल्या म्हणून काय झालं? देवाशी तर बोलतात!

"हे प्रभू, काही लोकांच्या जिभेला लगाम घाल," रूथमावशी.

"आणि प्रभू, काही लोकांचं नाक जरा खाली आण," मार्था.

"आमेन!" स्टीफनकाकांनी घाईघाईने सभाच संपवली. मॅच होती.

*

नाताळाआधीचा शेवटचा गुरुवार. सभा नेमकी रूथमावशीकडे! मार्था आली, पण उंबऱ्यापाशीच टेकली. सगळ्यांनी डोळे मिटले.

मग रूथमावशीचा आवाज आला, जरा कापरा.

"हे प्रभू, मार्थाला सांग, उद्या सकाळी मैदा भिजवतेय. एकटीने नाही रे जमत मला. घर खायला उठतं."

सावंतकाकूंनी एक डोळा उघडल्याचं मी पाहिलं, कारण माझाही उघडाच होता.

उंबऱ्यापाशी कुणीतरी नाक ओढलं.

"हे प्रभू, ताईंना सांग, येते म्हणावं. पण सारण मीच भरणार! आमेन!"