मधवाल्याचं पात्र

पेठेतल्या एका घराच्या पायरीखाली आई उकिडवी बसली होती. तळहातावर मध. समोर त्या घरचं कुत्रं.

बाई दारातूनच म्हणाल्या, "खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही म्हणतात. कळू दे आम्हालाही."

कुत्र्याने आईचा तळवा चाटून साफ केला.

"घ्या. साखरेचा पाक आहे तुमचा."

आई हसली. "बरं हाय बाई," म्हणाली आणि पदराला हात पुसला.

खडकवासल्याच्या पलीकडचा डोंगर सोडून आम्ही बिबवेवाडीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहायला आलो होतो. वडील मागच्या अंगणात मधमाश्यांच्या पेट्या सांभाळायचे. आई दारोदार मध विकायची, मी तिच्यामागे डबा घेऊन. मध खपला नाही की रात्री चहात बुडवून भाकरी. हे सगळं माहीत असूनही आईच्या त्या हसण्याचा मला राग आला. बरीच वर्षं राहिला.

पुढे कॉलेजात गेले. घरातली पहिलीच. मराठी घेतलं. वर्गात 'आहे', घरी 'हाय'. दोन्हीकडे जीभ सांभाळायची. थकतं माणूस.

अभ्यासाला एक कथा होती. पेशवाईतलं छोटं गाव, आणि तिथे बाहेरून आलेला, मडक्यांत मधमाश्या पाळणारा एक जण. आमचे सर कथा वर्गात मोठ्याने वाचून घ्यायचे. प्रत्येक पात्राला एक विद्यार्थी.

"मधवाला आपण वाचा," सर मला म्हणाले. "आपल्याला अभिनय करावा लागणार नाही."

आमचा मधाचा धंदा सगळ्यांना ठाऊक होता. वर्ग हसला. अंतर्गत गुण सरांच्या हातात. मी उठले. वाचू लागले. मधवाल्याच्या तोंडच्या प्रत्येक 'हाय'ला हशा.

"अहो, जरा मोकळ्या आवाजात. घरी बोलता तसं."

मीही हसले. हसले आणि पायरीखालचं आईचं ते हसणं समजलं मला.

कथेत गावकरी मधवाल्याची टिंगल करतात, आणि तोही त्यांच्यात हसतो. तिथे सरांनी थांबवलं. "उपरोध आहे तो इथे. अख्खं गाव त्याला हसतंय आणि त्या बिचाऱ्याला ते कळतच नाही."

"त्याला कळतं, सर."

"कुठे लिहिलंय तसं?"

"लिहिलेलं नाही. त्याला उद्याही त्याच गावात मध विकायचाय. म्हणून हसतो तो."

"वा. म्हणजे आता आम्ही हसायचंही आपल्याला विचारून. वाचा पुढे."

"नाही वाचणार."

"का बरं?"

"मला इथे मध विकायचा नाही."

पुस्तक मिटलं. खाली बसले. शेजारची मुलगी पुटपुटली, "गुण जातील गं तुझे."

गेले. काठावर पास झाले.

त्या संध्याकाळी आईबरोबर मधाची पोळी पिळत बसले. राग कुणावर धरायचा, तेवढं आता नीट कळलं होतं.

पदवी घेतली. त्यापुढचंही शिकले. आज मी कॉलेजात मराठी शिकवते. कथा मीही वर्गात वाचून घेते. हिंजवडीच्या पलीकडच्या वाड्यावस्त्यांतली मुलं असतात, पेठांतली असतात. कारभारी कुणी वाचायचा, मजूर कुणी, ते मुलंच हात वर करून ठरवतात. माझ्या वर्गात कुणालाही त्याच्या बोलीवरून पात्र मिळत नाही. मिळणार नाही.