अण्णांच्या बुटाची टाच

आमच्या विभागात सुईदोरा नाही. बूट बनवणाऱ्या कारखान्यातली बाई असं सांगते म्हटल्यावर लोकांना ती थाप वाटते. बुटाचा पायावरचा भाग, ज्याला आम्ही अप्पर म्हणतो, तो आमच्याकडे मोज्यासारखा विणलेला, अख्खा येतो. तो टेबलावर पसरायचा, वर जाळीची फ्रेम ठेवायची आणि रबरासारखी दाट शाई ओढायची. शाई वाळली की कापड तेवढ्या जागी ताठ होतं. टाचेवर, म्हणजे बुटाच्या मागच्या उभ्या भागावर, शाईचे जास्त हात, लेसच्या भोकांभोवती थोडे कमी, पुढे ठेच लागते तिथे एक पट्टा, आणि पाय वाकतो तिथे काहीच नाही. पूर्वी या प्रत्येक जागी वेगळा तुकडा शिवून लावत. आता ते सगळं छपाईवर भागतं.

मी मूळची लग्नपत्रिकावाली. जुन्या जालन्यात एका गल्लीतल्या दुकानात बरीच वर्षं सोनेरी गणपती आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' छापलं. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या, मालकाने दुकान आवरलं, आणि औद्योगिक वसाहतीत फ्रेम धरता येणारं माणूस हवंय असं कानावर आलं. बुटावर काय छापणार, गणपती का, असं सासरच्यांनी विचारून घेतलं. काम बाकी तेच होतं. हाताचा कल बिघडला की शाई फुगते, मग खाली पत्रिका असो की पायताण.

माझे वडील, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून बदनापूरजवळ गावी राहून मोसंबीची बाग बघतात. साखरेचा आजार जुना आहे. पायाला जरा मुंग्या येतात एवढंच ते सांगायचे. खरं तर पायाला काही कळणंच बंद झालं होतं. बाजारातून आणलेल्या बुटाच्या आतली एक शिवण डाव्या करंगळीला घासत राहिली आणि त्यांना पत्ता नाही. मोजा ओला का लागतोय म्हणून आईने पाहिलं तोवर उशीर झाला होता. करंगळी काढावी लागली.

जालन्याच्या डॉक्टरबाई स्पष्ट बोलतात. आता जखम झाली तर बोटावर भागणार नाही, पाय जाईल, हे त्यांनी अण्णांच्या तोंडावर सांगितलं. बुटाच्या आत शिवण नको, टाच पक्की धरलेली हवी, आणि घराबाहेर उघडा पाय जमिनीला लावायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही.

शिवण नसलेला बूट म्हटल्यावर मी दुसरीकडे कशाला जाईन? आमच्याकडे तेव्हा शेतात वापरायच्या बुटाची चाचणी चालू होती आणि आसपासच्या गावांत काही जोड वाटायचे होते. एक अण्णांना द्या, असं मी डिझाइनच्या इंजिनिअरना म्हटलं. हे तामिळनाडूकडचे, हिंदी जपून बोलणारे. त्यांनी अण्णांच्या दोन्ही पायांची मापं मागवली आणि करंगळी नाही त्या बाजूला शाईच लागणार नाही अशी वेगळी फ्रेम करून दिली. टाचेवर मी दोन हात जास्त मारले. इतकं सुबक काम मी कोणाच्या लग्नासाठीही केलं नसेल.

अण्णा खूश झाले. लेकीनं छापलेला बूट म्हणून पारावर पाय पुढे काढून बसायला लागले. छापलेला म्हणजे कागदाचा का, असं कोणी विचारलं की त्यांना आणखी चेव यायचा.

एका रविवारी मी फाट्यावर उतरून गावात शिरले, तर अण्णा मारुतीच्या देवळासमोर रस्त्यातच उभे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, आणि दोन्ही पाय बुटाबाहेर, मातीवर. आपल्याकडे हे सगळेच करतात. वाटेत देऊळ आलं की चपलेतून पाय काढायचा, नमस्कार करायचा, पाय परत सरकवायचा. चपलेला ते जमतं. बुटालाही जमावं म्हणून अण्णांनी टाच आत दाबून चपटी करून टाकली होती. मी हौसेने ताठ केलेली ती टाच मधोमध मोडली होती.

घरी येऊन मी बुटात हात घातला. मोडलेल्या शाईची कड फुटक्या कपासारखी बोटाला लागली. मग अण्णांचा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या वर लाल रेघ होती, ओलसर.

"दुखलं न्हाई का, अण्णा?"

"दुखलं असतं तर घातला असता का?"

मला आधी राग आला, मग भीती वाटली, आणि भीती जास्त टिकली. त्याच दिवशी त्यांना जालन्याला नेलं. जखम कातडीपुरतीच होती. डॉक्टरबाईंनी पट्टी बांधली आणि मागचं सगळं पुन्हा एकदा, जास्त चढ्या आवाजात सांगितलं. अण्णा मान हलवत राहिले. भरलेल्या गाडीत जन्म काढलेल्या माणसाला कोणाचंही बोलणं मान हलवून ऐकता येतं. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

कारखान्यात बाकीचे जोड परत आले, तर बहुतेकांची टाच तशीच मोडलेली. इंजिनिअर शाई बदलायच्या गोष्टी करत होते. मी त्यांना मारुतीसमोरचे अण्णा सांगितले, तर ते हसायलाच लागले. त्यांचे आजोबाही गावात हेच करायचे, म्हणाले, आणि आपल्याला आठवलं कसं नाही. मग आम्ही दोघांनी मिळून टाचेचा मधला भाग कोरा सोडला आणि दोन बाजूंना उभ्या पट्ट्या छापल्या. दाबली की टाच खाली बसायची, सोडली की आपोआप उभी राहायची. पुढे शेतकऱ्यांच्या बुटाला तीच टाच कायम झाली.

तिचा पहिला जोड मी अण्णांसाठी केला आणि मिरवत डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनी अंगठ्याने टाच दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना द्या. यांना देऊ नका. उघडा पाय जमिनीला लावायची तुम्ही यांना सोयच करून देताय."

ज्या माणसामुळे ती टाच सुचली, त्यालाच ती चालणार नव्हती. मी अण्णांना पुन्हा कडक टाच छापली, आतून मऊ कापड चिकटवून, आणि लेस आवळून बांधायला आईला शिकवलं. देवाला बूट घालून केलेला नमस्कार पोचतो, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, तेही अण्णांना पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर जखम झाली नाही. दर तपासणीला डॉक्टरबाई पाय उलटसुलट करून बघायच्या आणि समाधानाने सोडायच्या. अण्णा आता बूट घालूनच हात जोडत असतील असं मी धरून चालले होते.

मोसंबीच्या तोडणीच्या वेळी मी गावी गेले होते. बागेत निघालो, तर अण्णा कोपऱ्यावरून घरांच्या मागच्या बोळात वळले. तिकडे गोठ्यांचं सांडपाणी, उकिरडे आणि बाभळीच्या फांद्या. बाग तिकडून बरीच लांब पडते. इकडून कशाला, असं मी विचारलं.

"मारुतीपुढून बूट घालून जाऊ वाटत न्हाई, बाई," ते म्हणाले. "अन् पाय तर पाह्यजेच. मंग मी तिकडून जातच न्हाई."

कधीपासून, मी विचारलं.

"हे बूट आल्ते तवापसून."

मला फार वाईट वाटलं. पाय शाबूत आहे म्हणून बरंही वाटत होतं, आणि ते वाटतंय याचाही राग येत होता. अण्णा चिखल चुकवत पुढे चालले होते, मी मागून. दोन्ही टाचा जागेवर पक्क्या होत्या. छपाईला कुठे एक चरासुद्धा नव्हता.