उजवा, डावा की दोन्ही

माझी मावशी बावीस वर्षं डोळ्यांच्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीत बसली. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून कागद आत यायचा आणि बाहेर जायचा. समोरच्या माणसाला काय होतंय ते ती तीन प्रश्नांत काढून घ्यायची आणि अर्ध्या मिनिटात केसपेपर तयार करायची. तिनं लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीकडे, राहायची. खिडकीची सवय इतकी हाडीमांसी खिळलेली की घरात कुणी नुसतं "डोकं दुखतंय" म्हटलं तरी ती ताटावरून मान वर न करता विचारायची, "कधीपासून? एका बाजूचं की सगळं?"

ती एक्कावन्न वर्षांची असताना रुग्णालयानं खिडकी बंद करायचं ठरवलं. दारातच माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक स्क्रीन बसणार होता आणि येणाऱ्यानं बोट लावून आपली माहिती आपणच भरायची होती. खिडकीतल्या तिघींपैकी दोघी औषधांच्या विभागात गेल्या. मावशीला मात्र संगणक विभागात पाठवलं. कारण काय, तर रुग्णाला काय काय विचारायचं हे हिच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

त्या संध्याकाळी ती पर्स खुर्चीवर टाकून मटकन बसली. "अगं, मला धड मोबाइलमध्ये नंबर साठवता येत नाही. मी काय स्क्रीन बनवणार?"

"शीक मग," आई म्हणाली. "चष्मा आहे, डोकं आहे. आणखी काय लागतं?"

"वय लागतं."

"ते तर तुझ्याकडे भरपूर आहे की!"

मावशीला हसू आलं, पण रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

संगणक विभागात तिला शिकवायला जी मुलगी होती तिचे केस इतके कुरळे होते की सगळे तिला कुरळीच म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी मावशीला दोन प्रकारचे खुणा करायचे ठोकळे दाखवले. चौकोनी असले की हवे तेवढे निवडता येतात. गोल असले की त्यातला एकच. दुसरा दाबला की पहिला आपोआप सुटतो.

"यांना रेडिओ बटणं म्हणतात," कुरळी म्हणाली. "जुन्या गाड्यांतल्या रेडिओला अशी बटणं असायची म्हणे. एक दाबलं की आधीचं टक्कन वर यायचं."

"आमच्या टेबलफॅनला आहेत तशी!" मावशी म्हणाली. "एक, दोन, तीन. दोन दाबलं की एक वर."

"अगदी तश्शी."

त्या क्षणी मावशीच्या जिवात जीव आला. पंखा तिला कळत होता.

तरी पहिला आठवडा फजितीचाच गेला. तिनं दोन प्रश्न मांडले. एक, पुरुष की स्त्री. दुसरा, त्रास कोणत्या डोळ्याला. मोठ्या अभिमानानं तिनं कुरळीला बोलावलं. कुरळीनं ‘स्त्री’ दाबलं, मग ‘डावा’ दाबलं, आणि ‘स्त्री’वरचा ठिपका गायब झाला. पुन्हा ‘स्त्री’ दाबलं तर डावा डोळा गेला.

"म्हणजे बाईमाणसाला डोळाच असू नये, असं ठरवलंय का या मेल्यानं?" मावशी वैतागली.

कुरळी हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. मग तिनं समजावलं. प्रत्येक बटणाला आपण कुठल्या गटातलं आहोत ते सांगावं लागतं. एका गटातली बटणं एकमेकांना ओळखतात आणि एक बसलं की बाकीची उठतात. मावशीनं दोन्ही प्रश्नांना एकाच गटाचं नाव दिलं होतं, त्यामुळे पाचही बटणं एकमेकांच्या जागेवर हक्क सांगत होती. मावशीनं गटांची नावं वेगळी केली आणि घरी येऊन आम्हाला हा किस्सा तीनदा सांगितला. तिसऱ्यांदा सांगताना तो पहिल्यापेक्षा बराच लांबला होता.

अडीच महिन्यांत स्क्रीन तयार झाला. सुरू करायच्या आदल्या दिवशी विभागाचे साहेब बघायला आले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना घड्याळाचं वेड होतं. त्यांनी सगळी पानं भराभर पुढे ढकलून पाहिली आणि म्हणाले, "प्रत्येक प्रश्नात पहिलं उत्तर आधीच निवडून ठेवा. ज्याला बदलायचं तो बदलेल. माणशी दहा-बारा सेकंद वाचतील."

मावशीला काहीतरी खटकलं. पण काय खटकलं ते तिला शब्दांत सांगता येईना, आणि साहेबांपुढे तिला अजून नवखं वाटायचं. तिनं मान डोलावली. ‘त्रास कोणत्या डोळ्याला?’ या प्रश्नाखाली उजवा, डावा आणि दोन्ही अशी तीन बटणं होती. तिनं उजव्यात ठिपका भरून ठेवला. तिनं स्वतःच्या हातानं भरला, हे ती पुढे कधीच विसरली नाही.

स्क्रीन सुरू झाला. रांग खरोखरच भराभर पुढे सरकू लागली. सगळीकडून कौतुक झालं. आईनं तिच्यासाठी नवी साडी आणली.

तीन आठवड्यांनी मावशी पहिला गोषवारा बघत होती. एकूण सहाशे अकरा माणसं आली होती. त्यांपैकी उजव्या डोळ्याची तीनशे अठ्ठ्याऐंशी, डाव्याची एकशे एकतीस, दोन्ही डोळ्यांची ब्याण्णव. तिच्या मनात पाल चुकचुकली. बावीस वर्षं तिनं हेच हातानं लिहिलं होतं. उजवे आणि डावे नेहमी साधारण सारखेच असायचे.

ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. "साहेब, सगळ्यांचे उजवेच डोळे कसे बिघडायला लागले?"

"योगायोग असेल हो. तीन आठवड्यांवरून काय कळतं?"

"मला कळतं. मी खिडकीत बसत होते."

"बाई, डॉक्टर स्वतः तपासतातच ना प्रत्येकाला? मग एवढं काय?"

साहेबांनी डोळेझाक केली आणि डोळ्यांच्या रुग्णालयात हे बरं दिसत नाही, असं मावशी घरी म्हणाली. पण विनोद करताना तिचा चेहरा हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्क्रीनशेजारी एक स्टूल टाकून बसली. माणूस माहिती भरून पुढे आला की ती विचारायची, "कोणता डोळा?" आणि वहीत लिहायची. दुपारपर्यंत चाळीस जणांना विचारून झालं. त्यातल्या अकरा जणांचं उत्तर स्क्रीनवरच्या नोंदीशी जुळत नव्हतं. अकराही जणांच्या नोंदीत ‘उजवा’ होतं. एक आजी तर म्हणाल्या, "ते आधीच भरलेलं होतं. मला वाटलं, मशिनला कळलं असेल."

तेवढ्यात आतल्या बाकावर तिला एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. बाहेर जायच्या दाराकडे तोंड करून ते दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसले होते. तिनं जवळ जाऊन चौकशी केली. ते सुतार होते. ती स्टूल टाकून बसायच्या आधीच ते माहिती भरून आत गेले होते. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो डोळा दाखवायला ते एकटेच आले होते. कागदावर ‘उजवा’ छापून आलं म्हणून नर्सनं बाहुली मोठी करायचे थेंब उजव्या डोळ्यात घातले. डॉक्टरांनी तपासताना चूक लगेच धरली, डोळ्याला इजा काहीच नव्हती. पण चांगल्या डोळ्याचं दिसणं काही तासांपुरतं धूसर झालं होतं आणि दुसऱ्यानं आधीच दिसत नव्हतं. दारातून येणारा उजेड त्यांना सहन होत नव्हता.

"तुम्ही नर्सला सांगितलं नाहीत का, की डावा म्हणून?"

"मला वाटलं, आधी चांगला बघत असतील," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेली माणसं. मी काय सांगणार?"

मावशीला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांची सून न्यायला येईपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून राहिली. सून आल्यावर तिनं दोघांनाही सरळ सांगितलं, "ती चूक मशिनची नाही. तो ठिपका मी भरून ठेवला होता."

सुनेच्या कपाळावर आठ्या चढल्या. सुतारकाकांनी मात्र आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मग आता तो काढा," ते म्हणाले.

मावशी तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि अकरा नावं त्यांच्या टेबलावर ठेवली. साहेबांनी यादी वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "रिकामं ठेवलं तर लोक प्रश्न सोडून पुढे जातील."

"जाऊ देणार नाही. उत्तर दिल्याशिवाय ‘पुढे’ दाबता येणार नाही, अशी सोय आहे."

"आणि ज्याला कळलंच नाही त्यानं काय करायचं?"

हा प्रश्न मात्र बिनतोड होता. गोल बटणात एकदा ठिपका पडला की तो दुसऱ्यावर हलवता येतो, काढून मात्र टाकता येत नाही. म्हणजे न कळणाऱ्यालाही काहीतरी खोटं दाबूनच पुढे जावं लागलं असतं.

"चौथं बटण ठेवू," ती म्हणाली. "‘सांगता येत नाही’. ते दाबलं की नर्स स्वतः येऊन विचारेल."

साहेबांनी प्रकरण रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी अकरा नावांची यादी पाहिली आणि एवढंच विचारलं, "किती दिवस लागतील?"

"बटणं आजच बदलते," मावशी म्हणाली. "पण अख्खा स्क्रीन नव्यानं करायला हवा, आणि यावेळी लोकांना दाखवल्याशिवाय मी तो लावणार नाही."

त्याच दुपारी चारही बटणं रिकामी झाली. पुढच्या रविवारी ती कुरळीला घेऊन सुतारकाकांच्या घरी गेली. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालायचं. भिंतीला करवती टांगलेल्या होत्या, जमिनीवर भुसा होता आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास होता. मावशीनं नवा फॉर्म उघडलेला, बोट लावून चालणारा लॅपटॉप त्यांच्या रंध्याच्या टेबलावर ठेवला. सून दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

काकांनी अंगठा लावला. तो अंगठा इतका जाड होता की एकदम दोन बटणं झाकली गेली आणि भलतंच दाबलं गेलं.

"एवढ्याशा टिकलीवर माणसानं बोट कसं ठेवायचं?" ते म्हणाले. "फळीवर खूण करताना आम्ही चुकायलासुद्धा थोडी जागा ठेवतो."

कुरळीनं तिथंच बसून बदल केला. आता गोलावरच नव्हे, शेजारच्या शब्दावर, अख्ख्या पट्टीवर कुठेही बोट ठेवलं तरी चालत होतं. दोन पट्ट्यांमधलं अंतरही वाढवलं.

मावशीनं हौसेनं एका चेहऱ्याचं चित्रही टाकलं होतं, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. काकांनी ते बघितलं, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. "हा माणूस माझ्याकडे तोंड करून आहे. मग याचा उजवा तो माझा डावा ना?"

मावशी आणि कुरळी एकमेकींकडे बघतच राहिल्या. चार दिवस त्या चित्रावर दोघींनी मेहनत घेतली होती.

"काढून टाक," मावशी म्हणाली.

"थांबा ना," दारातून सून पुढे आली. "त्याला पाठमोरा करा. म्हणजे आपण जसे उभे आहोत तसाच तोही उभा." मग तिलाच पटेना. "पण पाठमोऱ्याचे डोळे कसे दिसणार?"

त्यावर चौघंही हसली. शेवटी चित्र गेलं आणि त्याच्या जागी आवाज आला. पट्टीला बोट लावलं की ती बोलायची, ‘डावा डोळा’. आवाज सुनेचा होता. तिचा उच्चार स्वच्छ होता आणि कुरळीच्या आवाजात सगळंच प्रश्न विचारल्यासारखं वाटायचं.

नवा स्क्रीन लागल्यावर पहिल्या तीन आठवड्यांचा गोषवारा आला तेव्हा मावशीनं तो साहेबांबरोबरच उघडला. उजवा दोनशे तीन. डावा एकशे शहाण्णव. दोन्ही एकशे एक्केचाळीस. सांगता येत नाही अडतीस. रांग पूर्वीपेक्षा थोडी हळू चालत होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. "बाई," ते म्हणाले, "बाकीचे सगळे फॉर्मही तुम्ही एकदा तपासा. आधी भरून ठेवायचं मीच सांगितलं होतं, सगळीकडेच."

सगळीकडे म्हणजे बाकीच्या विभागांचे मिळून सतरा फॉर्म होते. ‘औषधाची ॲलर्जी आहे का?’ याच्याखाली ‘नाही’ आधीच भरलेलं होतं. मावशीनं जेवणाची सुट्टीही न घेता ते पान आधी रिकामं केलं.

सुतारकाकांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया पावसाळ्यानंतर झाली आणि ती उत्तम झाली. मावशी आता संगणक विभागात नव्या येणाऱ्यांना शिकवते. वय चौपन्न. मोबाइलमध्ये नंबर साठवायला अजूनही मलाच हाक मारते.

मागच्या महिन्यात मी तिला डबा द्यायला गेले होते. स्क्रीनपुढे एक बाई उभ्या होत्या, एका हातात पिशवी. ‘त्रास कोणत्या डोळ्याला?’ समोर चार रिकामी वर्तुळं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. तळहातानं एक डोळा झाकला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग दुसरा झाकला. पुन्हा पहिला. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं, पण त्यांनी अजिबात घाई केली नाही. मग त्यांनी बोट पुढे केलं.